सी. एलेगन्सचे प्रजनन आणि पेशीपृष्ठावरचे रिसेप्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीवर काम सुरू करणाऱ्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. रिसेप्टर म्हणजे संकेत किंवा पदार्थ धरणारे पेशीवरचे प्रथिन. सगळी तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत. वेगळे काही सांगितले नसेल तर कृमी २० अंशांवर, ओपी५० जिवाणूंवर वाढवलेले आहेत असे समजावे.

प्रजननातले रिसेप्टर शिकायला हाच कृमी का?

तो पारदर्शक आहे. जिवंत कृमीच्या पोटात अंडपेशी पिकताना, शुक्राणूंच्या पिशवीत शिरताना आणि भ्रूण होऊन बाहेर पडताना सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसते. प्रौढ कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो आणि अंड्यापासून अंड्यापर्यंतचे चक्र साधारण तीन दिवसांत पुरे होते. बहुतेक कृमी उभयलिंगी असतात. एल४ (चौथ्या, शेवटच्या अळी) अवस्थेत ते आधी शुक्राणू बनवून ठेवतात, मग आयुष्यभर फक्त अंडपेशी बनवतात. नर हजारात एखाद-दुसरा निघतो. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ साली या कृमीचे आनुवंशिकशास्त्र मांडले, तेव्हापासून जमलेले म्युटंट मिनेसोटा विद्यापीठातल्या साठा-केंद्रातून मागवता येतात.

कोणता रिसेप्टर कुठल्या पेशीवर असतो?

जननपेशींवर जीएलपी-१ असतो. तो नॉच कुळातला. अंडपेशीवर पीतक आत घेणारा आरएमई-२, शुक्राणूंचा संकेत ओळखणारा व्हॅब-१ आणि शुक्राणूच्या प्रवेशासाठी लागणारे ईजीजी-१ व ईजीजी-२ असतात. शुक्राणूंची पिशवी आणि व्हल्व्हाच्या (अंडी बाहेर पडण्याच्या छिद्राच्या) पूर्वज पेशी या दोन्हींवर लेट-२३ असतो. हा ईजीएफ रिसेप्टर. व्हल्व्हाच्या स्नायूंवर आणि त्यांना चालवणाऱ्या एचएसएन चेतापेशींवर सेरोटोनिन, अ‍ॅसिटिलकोलिन व पेप्टाइडांचे रिसेप्टर असतात. इन्सुलिन रिसेप्टर डॅफ-२ तर शरीरभर आहे, आणि म्हणूनच त्याचा अर्थ लावणे सगळ्यात अवघड जाते.

ही यादी पाठ करण्याची गरज नाही. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी : कोणत्याही म्युटंटची पिल्ले कमी दिसली की ‘रिसेप्टर कुठल्या पेशीवर, आणि वाढीच्या कोणत्या तासाला लागतो?’ हे आधी विचारावे. एकच रिसेप्टर भ्रूणात एक काम करतो आणि प्रौढात भलतेच. निम्मे चुकीचे निष्कर्ष या दोन कामांची सरमिसळ झाल्याने निघतात.

जीएलपी-१ नेमके काय करतो?

जननग्रंथीच्या प्रत्येक भुजेच्या टोकाला एक टोपीसारखी पेशी असते, तिला डिस्टल टिप सेल म्हणतात. तिच्या पृष्ठभागावर लॅग-२ आणि एपीएक्स-१ हे संकेत असतात. शेजारच्या जननपेशींवरचा जीएलपी-१ त्यांना चिकटला की रिसेप्टरचे दोन तुकडे पाडले जातात. आधी पेशीबाहेर एक प्रोटिएज कातरतो, मग पटलाच्या आत गॅमा-सिक्रिटेज. सुटलेला आतला भाग थेट केंद्रकात जाऊन लॅग-१ या प्रथिनाबरोबर एसवायजीएल-१ आणि एलएसटी-१ ही जनुके चालू करतो. तोवर पेशी मूळपेशीच राहते. विभाजनांमुळे मागे ढकलली जाऊन ती टिप सेलच्या पोहोचीबाहेर गेली की संकेत तुटतो आणि अर्धसूत्री विभाजन सुरू होते.

जुडिथ किंबल आणि जॉन व्हाइट यांनी १९८१ मध्ये लेसरने ही एकच पेशी जाळली. त्या भुजेतल्या साऱ्या जननपेशींनी विभाजन थांबवून अर्धसूत्री विभाजनाची वाट धरली. जीएलपी-१ पूर्ण गमावलेल्या कृमीत तेच घडते : जेमतेम चार ते आठ जननपेशी होतात, त्या सगळ्या शुक्राणू बनतात आणि अंडपेशी एकही नसते. उलट रिसेप्टर सतत चालू राहिला तर भुजा मूळपेशींनीच भरून जाते. तो जननपेशींचा अर्बुदच.

तापमान-संवेदी जीएलपी-१ म्युटंट कसे हाताळायचे?

साठा १५ अंशांवर ठेवा. अंडी २५ अंशांवर नेऊ नका. अळ्या बाहेर आल्यावर, एल१ (पहिल्या अळी) अवस्थेत न्या. भ्रूणाच्या चार-पेशी अवस्थेत आणि नंतर घशाचा पुढचा भाग घडतानाही आईकडून आलेला जीएलपी-१ लागतो. अंडीच गरम केली तर ती मरतात, आणि मेलेली अंडी ‘वांझपणा’ म्हणून नोंदली जातात.

एल१ पासून २५ अंशांवर वाढलेले कृमी दिसायला धडधाकट, पण पोट रिकामे आणि पारदर्शक. खात्रीसाठी डॅपी या डीएनए दाखवणाऱ्या रंगाने रंगवा. कृमी एम९ या क्षार-द्रावणात दोनदा धुवा, उणे २० अंशांच्या मेथॅनॉलमध्ये पाच मिनिटे ठेवा, पुन्हा धुवा, मिलिलिटरला अर्धा ते एक मायक्रोग्रॅम डॅपीत दहा मिनिटे ठेवा आणि दोन टक्के अ‍ॅगरोजच्या गादीवर पसरा. टोकापासून मागे केंद्रकांच्या रांगा मोजत या. केंद्रके चंद्रकोरीसारखी दिसू लागली की तिथे अर्धसूत्री विभाजनाची सीमा. तरुण प्रौढ एन२ (म्युटेशन नसलेली प्रमाण जात) मध्ये ती साधारण विसाव्या रांगेवर येते.

एन२ चे नियंत्रण-कृमी त्याच इनक्युबेटरमध्ये, त्याच वेळी ठेवलेले हवेत. २५ अंशांवर एन२ची पिल्लेही बरीच कमी होतात, आणि २७ अंशांच्या आसपास प्रजनन कोलमडते. मे महिन्यात पुण्यात किंवा नागपुरात रात्रभर वीज गेली आणि इनक्युबेटर खोलीच्या तापमानाला आला, तर त्या आठवड्यातले सगळे आकडे टाकून द्यावेत. गरम झालेल्या कृमीचे शुक्राणू बिघडतात आणि पुन्हा थंड केल्यावरही संख्या सावरत नाही.

पिल्ले कमी झाली म्हणजे मूळपेशी कमी झाल्या, असे म्हणता येते का?

नाही. आणि उलटही खरे नाही. आमच्या मते या पानावरचा सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच.

उभयलिंगी कृमी स्वतःच्या शुक्राणूंवर साधारण ३०० पिल्ले देतो. हा आकडा ठरतो शुक्राणूंच्या संख्येवर, आणि ते एल४ मध्येच बनून संपलेले असतात. अंडपेशी बनवण्याची क्षमता त्याहून पुष्कळ जास्त असते. नराशी संकर झाला तर तोच कृमी हजारापर्यंतही पोहोचू शकतो. त्यामुळे एखाद्या रिसेप्टरच्या अभावी मूळपेशी निम्म्या झाल्या तरी एकूण बेरीज ३०० च्या जवळ राहू शकते, फक्त ती पुरी व्हायला जास्त दिवस लागतात. बेरीज पाहून ‘काही परिणाम नाही’ असे लिहिणारा माणूस इथे फसतो.

उपाय दोन आहेत. रोजची संख्या वेगळी नोंदवा आणि आलेख काढा. शिवाय तोच प्रयोग कृमीसोबत नर ठेवून पुन्हा करा. नरासोबत संख्या एन२ इतकी वर आली तर दोष शुक्राणूंमध्ये. नर देऊनही वर आली नाही तर अंडपेशी, अंडोत्सर्ग किंवा मूळपेशी यांच्याकडे वळा.

पिल्लांची मोजणी नीट कशी करायची?

एका लहान एनजीएम (कृमींसाठीचे आगर-माध्यम) प्लेटवर एकच एल४ ठेवा. प्रत्येक जातीचे किमान दहा-पंधरा कृमी घ्या. ओपी५० चा ठिपका लहान आणि मधोमध असू द्या. कडेला पोहोचलेला जिवाणूंचा थर कृमीला भिंतीवर चढवतो, तिथे तो वाळून मरतो. दर २४ तासांनी आई नव्या प्लेटवर हलवा. सलग एक दिवस एकही अंडे दिसले नाही की थांबा; एन२ ला साधारण चार-पाच दिवस लागतात. हलवल्यानंतर जुनी प्लेट आणखी एक दिवस तशीच ठेवून मगच मोजा.

तीन रकाने करा : जिवंत अळ्या, न उबलेली अंडी, फलित न झालेल्या अंडपेशी. अंडे लांबट असते, त्याच्या कवचाची कड स्पष्ट दिसते. फलित न झालेली अंडपेशी तपकिरी, गोलसर आणि मऊ असते, तिला कवच नसते. शेवटच्या दोन दिवसांत एन२ सुद्धा अशा अंडपेशी घालतो, कारण त्याचे शुक्राणू संपलेले असतात. पहिल्याच दिवशी त्या दिसल्या तर फलनात किंवा शुक्राणूंत दोष आहे. हरवलेला किंवा मेलेला कृमी ‘शून्य’ म्हणून बेरजेत धरू नका. त्याची वेगळी नोंद ठेवा.

शुक्राणू जवळ आहेत हे अंडपेशीला कसे कळते?

शुक्राणू एमएसपी हे प्रथिन बाहेर सोडतात. शुक्राणूचे शरीर हलवणारे हे प्रथिन संकेत म्हणूनही वापरले जाते, हे २००१ मध्ये डेव्हिड ग्रीनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. अंडपेशीवरचा व्हॅब-१ हा एफ्रिन रिसेप्टर एमएसपीला धरतो. शुक्राणू नसताना व्हॅब-१ परिपक्वता रोखण्याच्या बाजूने काम करतो आणि एमएसपी आला की तो अडसर निघतो. समांतर एक वाट भुजेभोवतीच्या आवरण-पेशींतून जाते, तिथे जी-प्रथिने आणि सायक्लिक एएमपी लागतात. त्यामुळे व्हॅब-१ नसला तरी कृमी शुक्राणूंशिवाय अंडपेशी सरसकट पिकवत सुटत नाही.

शुक्राणू नसलेल्या फॉग-२ माद्यांत अंडपेशी भाकरीच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचलेल्या दिसतात. एमएसपी टोचले की चळत हलू लागते. व्हॅब-१ म्युटंटमध्ये भ्रूणाची घडणही बिघडते आणि बरीच अंडी मरतात. म्हणून अंडपेशीचे काम पाहायचे असेल तर पिल्ले न मोजता परिपक्वतेचा वेग मोजा. धडधाकट तरुण कृमीत प्रत्येक भुजेतून साधारण २३ मिनिटांना एक अंडपेशी सुटते.

अंडोत्सर्गात लेट-२३ ची भूमिका काय?

डीआयसी सूक्ष्मदर्शकाखाली हे एकदा तरी पाहावेच. शुक्राणूंच्या पिशवीलगतच्या अंडपेशीचे केंद्रक एका कडेला सरकते, मग त्याचे आवरण विरते. दोन-तीन मिनिटांत पेशीच्या कडा वळून ती गोल होते. भोवतालच्या आवरण-पेशी भराभर आकुंचन पावू लागतात. मिनिटाला दहा-बारा असलेली आकुंचने वीसच्या घरात जातात. मग पिशवीचे तोंड उघडते आणि आवरण-पेशी ते अंडपेशीवरून ओढून घेतात. केंद्रकाचे आवरण विरल्यापासून इथवर साधारण सहा मिनिटे.

तोंड उघडण्याची ही आज्ञा लिन-३ या ईजीएफसारख्या संकेताकडून लेट-२३ ला मिळते. पुढे आयपी३ मार्गे पेशीतले कॅल्शियम सुटते. इथे रास प्रथिनाची वाट वापरली जात नाही, व्हल्व्हा घडताना मात्र तीच वापरली जाते. तोंड उघडले नाही तर परिपक्व अंडपेशी भुजेतच अडकते आणि विभाजन न होता डीएनए पुन्हा पुन्हा बनवत बसते. डॅपीखाली मोठे, ढगाळ, भगभगीत गोळे दिसले की निदान झाले.

लेट-२३ पूर्ण काढून टाकलेले कृमी अळी असतानाच मरतात, त्यामुळे प्रौढाचा अभ्यास करण्यासाठी अंशतः बिघडलेले प्रकारच वापरावे लागतात.

पोटातच अळ्या उबतात आणि आईला खातात. हा रिसेप्टरचा दोष का?

असू शकतो. आधी व्हल्व्हा बघा. सहा पूर्वज पेशींपैकी पी६.पी ला जननग्रंथीतल्या अँकर सेलकडून सर्वाधिक लिन-३ मिळते, ती लेट-२३ मार्गे प्राथमिक वंश धरते. मग शेजारच्या दोघींना लिन-१२ नॉचमार्फत दुय्यम वंशाकडे वळवते. शेवटी २२ पेशींची व्हल्व्हा तयार होते. लेट-२३ ची शेवटची सहा अमिनो आम्ले गेली (एसवाय१ प्रकार) तर लिन-७ त्याला धरू शकत नाही आणि रिसेप्टर पेशीच्या चुकीच्या बाजूला जातो. संकेत खालून येतो, रिसेप्टर वर बसलेला. व्हल्व्हा होत नाही, पण अंडोत्सर्ग ठीक चालतो. एकाच रिसेप्टरच्या दोन कामांची फारकत दाखवणारे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

व्हल्व्हा ठीक दिसली तर प्रश्न अंडी घालण्याच्या यंत्रणेचा आहे.

ती यंत्रणा कशी तपासायची?

एल४ नंतर ३० ते ४० तासांचे प्रौढ घ्या. पोटातली अंडी मोजण्यासाठी ब्लीच आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कृमी विरघळवा. कवच असलेली अंडी उरतात. एन२ मध्ये दहा ते पंधरा निघतात. ताजी घातलेली अंडी कोणत्या अवस्थेत आहेत तेही पाहा. आठ पेशींच्या आतली अंडी बाहेर येत असतील तर कृमी घाईने घालतो आहे, मग पोटात कमी अंडी असणे हा उत्पादनाचा दोष नव्हे. एचएसएन ला दाबणारा एगल-६ हा पेप्टाइड रिसेप्टर अतिसक्रिय झाला तर उलट चित्र दिसते : पोट फुगलेले, अंड्यांत वळवळणारी पिल्ले.

मग औषधाची चाचणी. ९६ खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात १०० मायक्रोलिटर एम९ आणि त्यात मिलिलिटरला ७.५ मिलिग्रॅम सेरोटोनिन क्रिएटिनिन सल्फेट. एका खणात एक कृमी, तासाभराने अंडी मोजा. नुसत्या एम९ मध्ये एन२ जवळपास अंडी घालत नाही, म्हणून हे नियंत्रण आवश्यक आहे. सेरोटोनिनने अंडी आली तर स्नायूंवरचे एसईआर-१, एसईआर-७ यांसारखे रिसेप्टर आणि स्नायू चालू आहेत. बिघाड वर, चेतापेशीत शोधा. सेरोटोनिनने आली नाहीत पण लेव्हॅमिसोलने (स्नायू थेट आकुंचित करणाऱ्या औषधाने) आली, तर स्नायू ठीक, सेरोटोनिनची वाट तुटलेली. दोन्हींनी आली नाहीत तर स्नायू किंवा व्हल्व्हा पुन्हा तपासा. सेरोटोनिनचे द्रावण उजेडात खराब होते. तपकिरी झालेले द्रावण वापरू नका.

नवशिक्याने कोणत्या रिसेप्टरपासून सुरुवात करावी?

आरएमई-२ पासून. पीतक आतड्यात बनते, शरीर-पोकळीत सोडले जाते आणि अंडपेशीवरचा आरएमई-२ ते आत ओढतो. व्हीआयटी-२ या पीतक-प्रथिनाला जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन जोडलेली जात घेतली तर निरोगी कृमीत अंडपेशी आणि भ्रूण हिरवे चमकतात. आरएनएआयने (दुहेरी आरएनए देऊन जनुक दाबण्याच्या पद्धतीने) आरएमई-२ दाबला की अंडपेशी काळ्या आणि शरीर-पोकळी हिरवी. उत्तर डोळ्यांनी दिसते, मोजणीच्या चुकांना जागा राहत नाही.

आरएनएआय दिले, पण परिणाम दिसत नाही. का?

प्लेट जुनी असणे हे सर्वात सामान्य कारण. प्लेटमध्ये एक मिलिमोलर आयपीटीजी आणि मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम कार्बेनिसिलिन हवे. दुहेरी आरएनए बनवणारे एचटी११५ जिवाणू रात्रभर वाढवून ठिपका द्या, एक रात्र खोलीच्या तापमानाला ठेवा आणि आठवडा-दोन आठवड्यांत वापरा. अ‍ॅम्पिसिलिन वापरले तर प्लास्मिड हरवलेले जिवाणू लवकर माजतात. प्रत्येक वेळी रिकामा एल४४४० (जनुक न घातलेला प्लास्मिड) आणि एक हमखास काम करणारे जनुक सोबत ठेवा.

दुसरे कारण म्हणजे चेतापेशी. त्या खाद्यातून दिलेल्या आरएनएआयला फारशा बधत नाहीत. एगल-६ सारख्या रिसेप्टरसाठी आरआरएफ-३ सारखी संवेदनशील जात किंवा सरळ म्युटंट घ्या. आरआरएफ-१ म्युटंटला ‘फक्त जननपेशीत आरएनएआय’ मानून निष्कर्ष काढू नका, आतड्यासारख्या काही ऊतींत परिणाम उरतो.

अन्न आणि गर्दी यांचा संबंध रिसेप्टरशी आहे का?

थेट. अळीच्या काळात इन्सुलिनसारखे आयएनएस-३ आणि आयएनएस-३३ हे संकेत डॅफ-२ मार्फत जननपेशींचे विभाजन वाढवतात. दुसरी वाट डॅफ-७ या संकेताची : एएसआय चेतापेशी अन्न आणि गर्दी हेरतात, आणि डिस्टल टिप सेलवरचा डॅफ-१ रिसेप्टर तो निरोप मूळपेशींपर्यंत नेतो. म्हणजे प्लेटवर कृमी दाटले की तुमचा निष्कर्ष आधीच गढूळ झाला. डॅफ-२ चा ई१३७० प्रकार २५ अंशांवर डॉअर (प्रतिकूल काळात वाढ थांबवलेल्या) अळ्यांत अडकतो, म्हणून आधी १५ अंशांवर एल४ पर्यंत वाढवा.

रिसेप्टर फक्त प्रौढावस्थेत काढून टाकता येतो का?

होय, ऑक्झिन-डिग्रॉनने : रिसेप्टरला डिग्रॉन नावाची शेपटी जोडतात, आणि ऑक्झिन दिले की टीआयआर१ हे प्रथिन ती ओळखून रिसेप्टर नष्ट करवते. शेपटी रिसेप्टरच्या पेशीद्रवाकडील टोकालाच जोडा. टीआयआर१ पेशीच्या आत असतो. बाहेरच्या टोकाला लावलेली शेपटी त्याच्या हाती लागत नाही. प्लेटमध्ये एक मिलिमोलर ऑक्झिन पुरते. प्लेट अंधारात, चार अंशांवर ठेवा. ऑक्झिनवर ओपी५० सावकाश वाढतो, म्हणून घट्ट केलेले जिवाणू टाका; नाहीतर उपासमारीने घटलेली पिल्ले रिसेप्टरच्या नावावर जातील. नियंत्रण-प्लेटमध्ये तितकेच इथेनॉल हवे.

नरांमध्ये कोणते रिसेप्टर महत्त्वाचे?

मादीचा हवेत पसरणारा गंध ओळखणारा एसआरडी-१, व्हल्व्हा शोधायला लागणारे लॉव्ह-१ आणि पीकेडी-२, आणि संकराचे टप्पे जुळवणारा एनटीआर-१. शेवटचा ऑक्सिटोसिन-व्हॅसोप्रेसिन कुळातल्या नेमॅटोसिनचा रिसेप्टर आहे. नर पुरेसे हवे असतील तर हिम-५ जात ठेवा, त्यात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास नर मिळतात.

परजीवी कृमींच्या औषधांशी याचा काय संबंध?

लेव्हॅमिसोल आणि पायरँटेल अ‍ॅसिटिलकोलिन रिसेप्टर सतत उघडे ठेवतात. आयव्हरमेक्टिन ग्लुटामेटवर चालणारे क्लोराइड मार्ग उघडते, जे सस्तन प्राण्यांत नसतात. सी. एलेगन्समध्ये एव्हीआर-१४, एव्हीआर-१५ आणि जीएलसी-१ ही तिन्ही जनुके बिघडली की तीव्र प्रतिकार येतो. फायलेरिया कृमींच्या मायक्रोफायलेरिया (सूक्ष्म अळ्या) आयव्हरमेक्टिनने रक्तातून झपाट्याने कमी होतात, पण प्रौढ मादी बहुधा मरत नाही. ओंकोसर्का या फायलेरिया कृमीच्या मादीत तर मायक्रोफायलेरिया बाहेर सोडण्याचे काम काही महिने थंडावते आणि मग पुन्हा सुरू होते. म्हणून औषध वर्षानुवर्षे पुन्हा द्यावे लागते. हत्तीरोगासाठी आयव्हरमेक्टिन, डीईसी (डायइथिलकार्बामाझीन) आणि अल्बेंडाझोल एकत्र देण्याची मोहीम २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात राबवली गेली. त्यात आयव्हरमेक्टिनची मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे २०० मायक्रोग्रॅम असते. गर्भवती, पाच वर्षांखालची मुले आणि गंभीर आजारी यांना हे तिहेरी औषध देत नाहीत.